डायमेन्शनचा आकडा हाताने टाकू नका रे

संपादक साहेब,

तुमच्या पेपरात कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांसाठी अधूनमधून काही ना काही येतं म्हणून लिहितोय, मी ऑटोकॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरवर, काम करणारा साधा ड्राफ्ट्समन.

मागच्या महिन्यात दुसऱ्या ऑफिसची फाईल आली, खोलीची रुंदी 3000 मिलिमीटर लिहिलेली, मी त्याच भिंतींच्या आत फर्निचर काढत गेलो आणि शेवटचं कपाट काही केल्या बसेना. डिस्टन्स कमांडने भिंतींमधलं खरं अंतर मोजलं तर 2850! कुणीतरी डायमेन्शनवर, म्हणजे ड्रॉइंगवर दाखवलेल्या मापावर, डबल क्लिक करून आकडा खोडला आणि 3000 टाइप केलं, भिंत सरकवायचा कंटाळा, दुसरं काय.

आता गंमत बघा, आपणच ड्रॉइंगवर टीप टाकतो की लिहिलेलं माप धरा, पट्टी लावून मोजू नका, म्हणजे साइटवरचा माणूस 3000 धरणार आणि त्या रेषांवरून पुढचं काम करणारा 2850, आणि भांडायला गेलं तर दोघंही बरोबर. वर पुढे कधी भिंत स्ट्रेच केली, म्हणजे ओढून सरकवली, की खरं डायमेन्शन आपोआप बदलतं, हे टाइप केलेलं मात्र ढिम्म.

ओळखायचं कसं, तर डायमेन्शन सिलेक्ट करून प्रॉपर्टीज उघडा. मेजरमेंटसमोर खरं माप असतं आणि टेक्स्ट ओव्हरराइडसमोर कुणी काही टाइप केलं असेल तर ते. तो खाना रिकामा केला की खरा आकडा परत येतो. आणि मापापुढे 'टिपिकल' वगैरे लिहायचंच असेल तर लेस दॅन ग्रेटर दॅनची जोडी (<>) टाकून त्यापुढे लिहा ना, जोडीच्या जागी माप स्वतःच येतं.

फाइंड रिप्लेसचंही तसंच, खिडकीच्या नंबरात डब्ल्यू1 चं डब्ल्यू2 करायला जावं तर डब्ल्यू10 चं डब्ल्यू20 होऊन बसतं, होल वर्डची टिक आधी लावायची असते हे मीसुद्धा एक अख्खं विंडो शेड्यूल, म्हणजे खिडक्यांचा तक्ता, बिघडवूनच शिकलो.

असो. त्या फाईलमध्ये शोधल्यावर अशी अजून अकरा डायमेन्शन्स निघाली. त्या ऑफिसला फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "पण प्रिंटमध्ये बरोबर दिसतंय ना?"

आपला,
एक ड्राफ्ट्समन