भावा, आण्णांच्या ओव्या राहिल्या त्या तुझ्यामुळं

प्रिय भावा,

तुझं नाव लिहीत नाही कारण तूच म्हणालास काका माझं नाव कुठं टाकू नका, पण आभार मात्र चारचौघांत मानायचेत, घरात बसून चहा पाजून मानले ते मला पुरेसे वाटत नाहीत.

आमचा कॉम्प्युटर २०१४ चा, इंटेलचा चौथ्या जनरेशनचा आय थ्री प्रोसेसर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट बंद झाला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, वर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, म्हणजे आमची मशीन त्यात बसतच नाही. दुकानात विचारलं तर नवीन घ्या म्हणाले. तू मात्र बघून म्हणालास मशीन ठणठणीत आहे काका, एक एसएसडी म्हणजे नवीन वेगवान डिस्क टाकू आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकू, अजून पाच वर्षं चालंल. मी लगेच तयार झालो, म्हटलं डेटा कॉपी करून ठेवतो, तू रविवारी ये आणि फॉरमॅट मार.

त्या डेटात काय होतं ते तुला तेव्हा माहिती नव्हतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, मास्तर होते, रिटायर झाल्यावर राधानगरीकडच्या आमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडं बसून त्यांनी जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या, तीनशेच्या वर असतील, आणि दोन बोटांनी सहा वर्षं त्या टाइप केल्या. ज्या बायकांनी सांगितल्या त्यातली एकही आता नाही. आण्णाही नाहीत. वहीला वाळवी लागली ती गेलीच, त्यामुळं जे काय आहे ते कॉम्प्युटरवर.

रविवारी तू आलास आणि मी ३२ जीबीचा पेनड्राइव्ह दाखवला, झालं म्हटलं कॉपी, चल सुरू कर. तू फॉरमॅटला हात लावला नाहीस. पहिल्यांदा आण्णांच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलंस, मग पेनड्राइव्हवरच्या फोल्डरचं उघडलंस, दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवल्यास आणि म्हणालास काका आकडे वाचा. इकडं १,८४६ फाइली आणि तिकडं १,८४५. एक कमी. मला वाटलं एकानं काय होतंय, पण तू शोधत बसलास, आणि निघालं काय तर आण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा व्हिडिओ, पाच जीबीचा. रात्री कॉपी करताना कायतरी मेसेज आलेला, मी स्किप दाबलेलं. मग तू समजावलंस की पेनड्राइव्ह एफएटी ३२ मधी फॉरमॅट केलेला आहे, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, भले जागा रिकामी का असेना. आण्णांचा आवाज असलेला तो एवढाच व्हिडिओ आहे आमच्याकडं भावा. ती एक फाइल म्हणजे ती.

त्याच दिवशी जाऊन एक टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणली, तू ती एक्सफॅटमधी फॉरमॅट केलीस म्हणजे विंडोजला पण चालंल आणि मिंटला पण, आणि परत सगळी कॉपी लावली. मी फक्त डी ड्राइव्ह घेतलेला, तू विचारलंस डेस्कटॉपवर काय आहे, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्समधी काय आहे, ते सगळं सी ड्राइव्हच्या युजर्समधी असतंय. आईच्या औषधांची बिलं आणि घरफाळ्याच्या पावत्या सगळ्या तिथंच होत्या. मागं एकदा एका दुरुस्तीवाल्यानं न विचारता फॉरमॅट मारून डेस्कटॉपवरचे फोटो घालवलेले, तरी माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं.

आकडे जुळले. आता तरी सुरू कर म्हटलं तर तू बॅगेतनं तुझा लॅपटॉप काढलास आणि म्हणालास, "काका, कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं नसतंय. आधी मला ते दुसऱ्या मशीनवर उघडून दाखवा."

मी ओव्यांची पहिली फाइल उघडली आणि माझे हातपायच गार पडले. मराठीचा एक शब्द नाही, नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, उलटसुलट चिन्हं. ऐंशी पानं तशीच. आई मागं उभी होती, ती म्हणाली काय झालं रं, आणि मला बोलताच येईना.

तू शांत होतास. तू सांगितलंस की फाइल खराब नाही, आण्णांनी ते जुन्या शिवाजी फॉन्टमधी टाइप केलंय, आणि त्या काळच्या फॉन्टमधी फाइलीत खरं तर इंग्रजी अक्षरच साठवलेलं असतंय, फॉन्ट फक्त त्या जागी मराठीचा आकार काढून दाखवतो, फॉन्ट नाही तर मराठी नाही. आणि तो फॉन्ट डी ड्राइव्हवर नव्हता, आण्णांच्या फोल्डरमधी पण नव्हता, तो विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधी होता, म्हणजे फॉरमॅट मारला की विंडोजबरोबर जाणार. तू तो शोधून काढलास, बॅकअपमधी घेतलास, तुझ्या लॅपटॉपवर टाकलास आणि फाइल परत उघडलीस. पानभर मराठी आली. आईनं चष्मा लावून पहिली ओवी वाचली आणि वाचता वाचता गायलाच लागली, ते तू बघितलंयस.

ज्यांच्या घरी वडिलांनी, आजोबांनी टाइप केलेलं जुनं मराठी पडलंय, शिवाजी असो नाहीतर कृतिदेव, त्यांनी हे वाचत असाल तर फाइलीबरोबर फॉन्ट पण उचला, आणि एक पीडीएफ करून ठेवा, पीडीएफमधी फॉन्ट आत बसतोय.

इन्स्टॉल करायच्या दिवशी तू तुझाच पेनड्राइव्ह आणलास, कारण बूटेबल करताना, म्हणजे त्यावरनं मिंट चालू होईल असा बनवताना, पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातंय, आणि मी मात्र तुला रात्री फोनवर तोच ओव्यांचा पेनड्राइव्ह वापर म्हणून सांगत होतो. तू आधी मिंट नुसतं पेनड्राइव्हवरनं चालवून दाखवलंस, प्रिंटर चालतोय का, आवाज येतोय का. त्यात डी ड्राइव्ह उघडत होता पण काही सेव्ह होईना, तू म्हणालास विंडोज फास्ट स्टार्टअपमुळं पूर्ण बंद झालेलं नाही, म्हणून मिंट त्याला हात लावत नाही ते बरंच आहे. परत विंडोजमधी जाऊन शिफ्ट दाबून शट डाउन केलंस.

आणि मग तू सीपीयूचं झाकण काढलंस. आत धूळ, आणि त्यात ती डिस्क जोडायची लाल रंगाची बारीक साटा केबल. जुन्या हार्ड डिस्कची ती केबल आणि पॉवरची पिन दोन्ही तू काढून माझ्या हातात दिलीस, एक्स्टर्नल डिस्क पण काढून कपाटात ठेवायला लावलीस, म्हणालास आता मशीनमधी फक्त नवीन एसएसडी आहे, आता इरेज डिस्क दाबलं तरी दुसरं काही पुसायला जागेवरच नाही. लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं देतंय, त्यातली कुठली कुठली हा घोळच ठेवला नाहीस. वीस मिनिटांत मिंट पडलं, फॉन्टवर डबल क्लिक करून इन्स्टॉल केला, लिबरऑफिसमधी ओव्या उघडल्या.

आमचं घर कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या अंगाला, २०१९ च्या ऑगस्टमधी पाणी आलं तेव्हा मी सीपीयू डोक्यावर घेऊन शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेलतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला ४३ फुटांची धोका पातळी आली की आजही झोप लागत नाही. म्हणून तू जाताना म्हणालास की दोन कॉप्या एकाच घरात असून उपयोग नाही काका, एक गावाबाहेर ठेवा, ते मी ऐकलंय, तो व्हिडिओ आणि सगळ्या ओव्या दुसऱ्या एका डिस्कवर घालून बहिणीकडं पुण्याला पाठवल्यात, आणि तिनं पोचल्यावर उघडून बघितल्या, मीच बघायला लावल्या.

तू पैसे घेतले नाहीस. दोन रविवार दिलेस, तेही परीक्षा तोंडावर असताना. ओव्या आता युनिकोडमधी, म्हणजे तो जुना फॉन्ट नसला तरी मराठीच दिसंल अशा रूपात, आणायचं काम सुरू केलंय, कन्व्हर्टरमधनं काढल्यावर जोडाक्षरं कुठं कुठं चुकतात, ती आई वाचून सांगते आणि मी दुरुस्त करतो, एकशे चाळीस झाल्यात. जुनी हार्ड डिस्क महिनाभर पुसायची नाही म्हणालास, चार महिने झाले, अजून केबल काढूनच ठेवलीय. येत्या रविवारी ये, आईनं बोलवलंय.

तुझा,
गल्लीतला काका