दिल्लीहून सकाळी निघून रात्री घरी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेली पाहायच्या ठिकाणांची यादी मिळाली. आग्रा, फत्तेपूर सिक्री, मथुरा आणि वृंदावन एकाच दिवसात उरकणाऱ्या बसगाड्या दिल्लीतून सुटतात हे खरे; परंतु त्यांत बराचसा वेळ बसमध्ये आणि उरलेला मागे राहिलेल्या प्रवाशांची वाट पाहण्यात जातो. तेव्हा एका दिवशी एकच दिशा धरायची आणि दोन सहलींच्या मध्ये एक दिवस घरी आराम करायचा, असे मी ठरवले आहे. यादी आखूड होईल, त्याला माझा इलाज नाही.

यायचेच तर फेब्रुवारीच्या उत्तरार्धात या. डिसेंबर-जानेवारीत इकडे धुके इतके दाट पडते की गाड्या तासन्‌तास रखडतात, आणि नोव्हेंबरची हवा बाबांच्या दम्याला मानवणार नाही.

आग्र्याला आपण मोटारीने न जाता गतिमान एक्सप्रेसने जाऊ. ती सकाळी आठच्या सुमारास हजरत निजामुद्दीन स्थानकातून सुटते, सुमारे १०० मिनिटांत आग्रा कँटला पोचवते आणि संध्याकाळी सहाच्या आत परत निघते. यमुना एक्सप्रेसवे उत्तम आहे. पण दिल्लीतून त्या रस्त्याला लागेपर्यंतच आईचे गुडघे आखडतील. शुक्रवारी ताजमहाल बंद असतो आणि ही गाडीही धावत नाही, म्हणून तो वार आधीच वगळला आहे. ताजच्या जवळ पेट्रोल-डिझेलची वाहने जाऊ देत नाहीत. शेवटचा टप्पा बॅटरीवरच्या गाडीने करावा लागतो, त्यामुळे फार चालावे लागेल ही भीती, आई, तू मनातून काढून टाक. मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर जाण्यासाठी प्रवेशाच्या ५० रुपयांखेरीज २०० रुपयांचे वेगळे तिकीट लागते. तिथे पायऱ्या आहेत. तुला नको वाटले तर तू बागेत सावलीला बस. इमारतीचे खरे देखणेपण मला तरी लांबूनच अधिक जाणवते.

दुपारी जेवून थोडे टेकलो की आग्र्याचा किल्ला. बाबा, माझ्या मते तुमच्यासाठी ताजपेक्षा हाच महत्त्वाचा, कारण १२ मे १६६६ रोजी शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले ते याच किल्ल्यात. मात्र नंतर पहारा बसला तो किल्ल्याबाहेरच्या त्यांच्या मुक्कामावर, तेव्हा पेटारे कुठून निघाले ते आत शोधत बसू नका. अमरसिंह दरवाजातून आत गेल्यावर चढणीची दगडी वाट आहे, ती दोघांनीही सावकाश, मध्ये थांबत चढायची. वर गेल्यावर यमुनेपलीकडे नव्हे, तर नदीच्या याच काठावर, वळणापलीकडे ताज दिसतो. शाहजहान कैदेत असताना जे पाहत बसे, ते हेच दृश्य. फत्तेपूर सिक्री तिथून आणखी सुमारे ४० किलोमीटर आहे, म्हणून ते मी सरळ खोडले आहे.

पानिपतला मोटारीनेच जाऊ. अंतर साधारण ९० किलोमीटर. काला आंब, म्हणजे लढाईची जागा, शहरापासून थोडी बाजूला आहे. मोठे काही पाहायला मिळेल ही अपेक्षा ठेवू नका: बाग, स्मारकाचा स्तंभ आणि शांतता. पण १४ जानेवारी १७६१ला भाऊसाहेब आणि विश्वासराव पडले ती भूमी पाहायची तुमची इच्छा मी लहानपणापासून ऐकत आले आहे, आणि आग्रा जरी राहिले तरी हे राहू नये असे मला वाटते. आई, याच रस्त्याने पुढे गेले की कुरुक्षेत्र लागते, दिल्लीपासून सुमारे १६० किलोमीटरवर. गीता जिथे सांगितली गेली असे मानतात ते ज्योतीसर तिथेच आहे. एका दिवशी दोन ठिकाणे करायचीच असतील, तर ही एकच जोडी मला मान्य आहे: सकाळी थेट कुरुक्षेत्र गाठायचे आणि परतताना पानिपतला थांबायचे. मात्र गाडीत सहा-एक तास बसणे होईल. जमेल का, ते तूच सांग.

वृंदावनात मंदिरे दुपारी बंद होतात, हे लक्षात न घेता निघणारे लोक बंद दारासमोर ताटकळतात. आपण पहाटे निघू, सकाळचे दर्शन घेऊ आणि दुपारपर्यंत परतीला लागू. बांकेबिहारीच्या गल्ल्या अरुंद आणि गर्दी दाट असते, म्हणून शनिवार-रविवार आणि एकादशी टाळायची. बाबा, तिथली माकडे नाकावरचा चष्मा उचलतात आणि फ्रूटीचे पाकीट पुढे केले तरच कधी कधी परत टाकतात. म्हणून जुना चष्मा सोबत आणा आणि गल्लीत शिरताना तोही खिशात ठेवा.

रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२०पासून बंद आहे, त्यामुळे तिकिटे थांबून स्वस्त होणार नाहीत. दोघांची नावे आधार कार्डावर जशी आहेत तशीच लिहून पाठवा, आणि आईच्या गुडघ्यांविषयी डॉक्टर काय म्हणतात तेही या आठवड्यात कळवा, म्हणजे कुरुक्षेत्राचे ठरवता येईल.

तुमची,
धाकटी