छात्राध्यापकांसाठी दोन खोल्या हव्या आहेत

सप्रेम नमस्कार,

जव्हार तालुक्यातील आमच्या शाळेत दिवाळीनंतर बी.एड.चे सहा छात्राध्यापक आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेत शिकवण्याच्या सरावासाठी, येत आहेत. चार मुली, दोन मुलगे. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले, तसा शाळेतला सरावही वाढला : पहिल्या वर्षी ४ आठवडे, दुसऱ्या वर्षी १६. निर्णय चांगलाच. पण सोळा आठवडे राहायचे कुठे, हे ज्याचे त्याने पाहायचे. हातात विद्यावेतन नाही, फी मात्र भरलेली.

मागच्या तुकडीतल्या मुली रोज एसटीने ये-जा करत. सकाळची गाडी चुकली की परिपाठ हुकायचा, आणि संध्याकाळची गाठायची म्हणून शेवटची तासिका अर्धीच व्हायची. पाठाचे टाचण घाटातल्या वळणांवर, मांडीवर वही ठेवून.

त्याहून मोठी अडचण वर्गात. आमची बरीच मुले घरी वारली, ठाकरी किंवा कोकणा बोली बोलतात. बाईंनी प्रश्न विचारला की वर्ग गप्प. बाईंना वाटते, मुलांना येत नाही. उत्तर येत असते हो, पुस्तकी मराठी जिभेवर येत नाही! हे पाड्यावर संध्याकाळी चार घरांत बसल्याशिवाय कळत नाही, आणि एसटीची वाट पाहणाऱ्याला ती संध्याकाळ मिळत नाही.

चूक आमचीही आहे. शिक्षक कमी, म्हणून छात्राध्यापकांना रिकाम्या तासांवर धाडले, नोंदवह्या भरायला बसवले. त्यांचा पाठ पाहायला मागच्या बाकावर कुणी बसलेच नाही. यंदा ते होऊ द्यायचे नाही असे समितीत ठरले आहे.

म्हणून मागणे असे. शाळेपासून चालत जाता येईल अशा दोन खोल्या, मुलींची खोली नांदत्या घरातली असावी. गाद्या, शेगडी, स्वयंपाकाची भांडी, चालू स्थितीतल्या दोन सायकली. निवृत्त गुरुजी आणि बाईंनी आठवड्यातून दोन पाठ पाहावेत व स्पष्ट बोलावे. वारली बोलणाऱ्या पालकांनी एखादी संध्याकाळ द्यावी. पैसे दिलेत तर ते खोलीभाडे आणि शिध्यासाठीच वापरू. पावती मागून घ्या.

जुने तक्ते मात्र आणू नका, कपाट भरले आहे.

दिवाळीच्या सुट्टीआधी, मधल्या सुट्टीत शाळेच्या कार्यालयात भेटावे.

आपली,
शाळा व्यवस्थापन समिती