सुभाष, पीएफटी नॉर्मल आली म्हणून

सोलापूर,
१४ डिसेंबर

प्रिय सुभाष,
स. न.

तुझा पीएफटीचा, म्हणजे नळीत फुंकून करायच्या फुप्फुसाच्या तपासणीचा, रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर मिळाला. खाली तू लिहिलंयस, 'सगळं नॉर्मल, आता तरी मागे लागू नकोस.' फोनवर हा विषय काढला की तू दुसरंच काहीतरी बोलायला लागतोस, म्हणून पत्र लिहितोय. निवांत बसून वाच, आणि वाचून होईपर्यंत विडी पेटवू नकोस, एवढं ऐक माझं.

रिपोर्ट मी नीट पाहिला. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा आणि एकूण बाहेर पडलेली हवा, यांचं गुणोत्तर ०.७० च्या वर आहे. ते खाली असतं तर डॉक्टरांनी सीओपीडीचं, म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचं, नाव काढलं असतं. ते काढलं नाही, याचा मला मनापासून आनंद झाला. पण अजून चार-पाच वर्षं बिनघोर ओढायला हरकत नाही, हा जो अर्थ तू त्यातून काढलास, तो त्या कागदावर कुठेच लिहिलेला नाही.

तू नळीत फुंकतोस तेव्हा यंत्राला दोन्ही फुप्फुसांची मिळून एकच बेरीज कळते. कुठला भाग धडधाकट आहे आणि कुठला थकलाय, ते त्या बेरजेत दिसत नाही. छातीत शिरलेली श्वासनलिका फुटत फुटत शेवटी दोन मिलिमीटरपेक्षाही बारीक होते. या बारीक नळ्या हजारोंनी असतात, त्यामुळे हवेला त्यांच्यातून जायला एरवी फारसा अडथळा होत नाही. त्यातल्या कितीतरी बंद पडल्या तरी एकूण आकडा जागेवरून हलत नाही. आणि धूर पहिला घाव नेमका तिथेच घालतो. सीओपीडीच्या रुग्णांची काढलेली फुप्फुसं सूक्ष्म सीटीखाली तपासून २०११ साली एक अभ्यास छापला गेला. एम्फिसिमा होण्याच्या, म्हणजे वायुकोशांच्या भिंती फाटण्याच्या, आधीच या बारीक नळ्या आकसलेल्या आणि नाहीशा झालेल्या असतात, असं त्यात दिसलं. तू मागावर वाढलेला माणूस. चादर फाटायच्या आधी कुठे कुठे विरते, आणि ती वीण उजेडासमोर धरल्याशिवाय कळत नाही, हे तुला मी काय सांगू?

तो उजेड म्हणजे आमची सीटीची खोली. रिपोर्ट लिहिणं डॉक्टरांचं काम, माझं काम फोटो नीट काढून देण्याचं. पण छातीच्या एचआरसीटीत, म्हणजे बारीक तपशील दाखवणाऱ्या सीटी स्कॅनमध्ये, सगळं रुग्णाच्या श्वासावर अवलंबून असतं, आणि तो श्वास सांभाळायचा असतो आम्हाला. आधी पूर्ण श्वास घेऊन धरायला लावायचं आणि एकदा स्कॅन काढायचा. मग होता नव्हता तो सगळा श्वास सोडायला लावायचा आणि तसंच थांबवून पुन्हा काढायचा. मशीनचा रेकॉर्ड केलेला आवाज इंग्रजीत बोलतो. आपल्या पूर्व भागातल्या म्हाताऱ्या माणसाला तो काय कळणार? मी काचेआडून माइकवर सांगतो, कधी मराठीत, कधी तेलुगूत, 'गाली पील्चंडी... वदलंडी'. जुने विडी ओढणारे अडतात ते दुसऱ्या स्कॅनला. सोडा, अजून सोडा म्हटलं तरी पोट नुसतं आत-बाहेर होत राहतं आणि हवा निघत नाही. अर्धवट सोडलेल्या श्वासावर काढलेला स्कॅन फसवतो, म्हणून मी घाई करत नाही. टेबल बाहेर घेतो, हात पोटावर ठेवून दोनदा सराव करून घेतो आणि मगच पुन्हा आत पाठवतो.

आता स्क्रीनवर काय दिसतं ते सांगतो. सीटीत प्रत्येक ठिपक्याला घनतेचा एक आकडा मिळतो. पाणी शून्य, हवा उणे १०००. सीटी शोधणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफिल्डचं नाव या मापाला दिलंय. पूर्ण श्वास घेतलेला असताना जो भाग उणे ९५० च्याही खाली जातो, तिथे भिंती फाटून पोकळी झालीय असं धरतात. आणि सगळा श्वास सोडल्यावरही जो भाग उणे ८५६ च्या खालीच राहतो, तिथे हवा अडकलीय. निरोगी फुप्फुस श्वास सोडला की आक्रसतं आणि करडं दिसतं. अडकलेला भाग तसाच काळा राहतो.

२०१२ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी हे दोन्ही स्कॅन एकमेकांवर ठिपक्याला ठिपका जुळवून बसवले आणि फुप्फुसाचा रंगीत नकाशा तयार केला. चांगला भाग हिरवा, फाटलेला लाल. आणि मधला पिवळा, म्हणजे भिंती अजून शाबूत, पण बारीक नळ्या मिटल्यामुळे हवा अडकलेली. मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पिवळा. काही वर्षांनी त्याच माणसाचा स्कॅन पुन्हा काढून ठिपक्यांचा माग काढला, तेव्हा पिवळ्यातलं बरंच लाल होताना दिसलं. ज्यांच्यात पिवळा जास्त, त्यांचा फुंकण्याचा आकडाही पुढे जास्त वेगाने घसरला. आमच्याकडे ते सॉफ्टवेअर नाही, पण काळे-करडे पट्टे नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. मागे एका यंत्रमाग कामगाराचे दोन स्कॅन, मध्ये काही वर्षं गेलेले, डॉक्टरांनी शेजारी शेजारी लावून मला दाखवले. नाव सांगत नाही. पहिल्यात श्वास सोडल्यावर वरच्या भागात नुसते काळे पट्टे होते. दुसऱ्यात त्याच ठिकाणी भोकं होती, मिरीच्या दाण्याएवढी, एकाला एक लागून. ओढणाऱ्यांमध्ये ती बहुतेक वरच्या भागातच सुरू होतात. पहिल्या वेळी त्याचीही पीएफटी चांगली आली होती, सुभाष.

अमेरिकेत सीओपीडीजीन नावाचा अभ्यास चालू आहे. त्यात दहा हजारांवर लोक घेतले, बहुतेक सगळे ओढणारे किंवा पूर्वी ओढलेले. फुंकण्याची तपासणी आणि दोन्ही श्वासांचे स्कॅन केले आणि पाच वर्षांनी पुन्हा बोलावलं. ज्यांची स्पायरोमेट्री, म्हणजे तीच फुंकण्याची तपासणी, नॉर्मल होती, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना स्कॅनमध्ये, चालण्यात किंवा दम लागण्यात काही ना काही बिघाड होता, असं २०१५ मध्ये त्यांनी छापलं. हे वाचताना मला तूच आठवलास. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलायला तुझ्याएवढ्या ताकदीचा गडी आपल्या गल्लीत दुसरा नव्हता. आणि गेल्या गड्ड्याला तू काठ्यांच्या मागे नुसता चालत होतास, तरी कोपऱ्याकोपऱ्यावर थांबत होतास. वहिनींना सांगितलंस की गर्दीमुळे. मला ती गर्दी वाटली नाही. सकाळचा तुझा खोकलाही मी ऐकलाय.

'एक्स-रे क्लिअर आहे' असं आता म्हणू नकोस. एवढ्या बारीक नळ्या एक्स-रेत दिसतच नाहीत.

मग काय करायचं? इथे माझं मत स्पष्ट आहे: स्कॅन काढायला धावू नकोस, आधी सोड. दरवर्षी सीटी काढून श्वासाचा हिशोब ठेवणं हे संशोधकांचं काम. तुझ्यासारख्याने उगाच किरणं घेऊ नयेत. छातीच्या साध्या सीटीला सात मिलीसिव्हर्टच्या (हे किरणांचं माप) आसपास, कमी डोसच्या सीटीला दीडच्या आसपास पडतात, आणि वर्षभरात निसर्गातून आपल्याला सरासरी अडीचेक मिळतात. पन्नाशी ओलांडलेल्या, खूप ओढलेल्या माणसांत फुप्फुसाचा कॅन्सर लवकर सापडावा म्हणून कमी डोसचा सीटी करतात. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत त्याने त्या कॅन्सरचे मृत्यू वीस टक्क्यांनी कमी झाले, असं २०११ मध्ये दिसलं. पण आपल्याकडे जुन्या टीबीचे डाग इतक्यांच्या छातीत असतात की प्रत्येक गाठीमागे नवी काळजी लागते. तुला तो करायचा की नाही, हे छातीच्या डॉक्टरांना विचारून ठरव. मी सांगितलं म्हणून करू नकोस.

सोडल्याने काय होतं, त्याचे मात्र पक्के आकडे आहेत. अमेरिका आणि कॅनडात ओढणाऱ्यांना अकरा वर्षं तपासत राहिले. ज्या पुरुषांनी सुरुवातीलाच सोडलं, त्यांची पहिल्या सेकंदाची हवा वर्षाला ३० मिलीलिटरने घटली. एवढी वयानेही घटतेच. जे ओढत राहिले त्यांची ६६ ने. दहा वर्षांत हा फरक साडेतीनशे मिलीलिटरवर जातो. गेलेलं फारसं परत येत नाही, हे फ्लेचर आणि पेटो यांनी लंडनच्या कामकरी पुरुषांवरून १९७७ मध्येच मांडलं होतं. पण पुढची घसरण मंदावते. आणि तुझ्यासाठी मुद्दाम सांगतो: सोडलं, पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं, अशांची घट या दोन्हींच्या मध्ये राहिली. म्हणजे तू दिवाळीत सोडून संक्रांतीला पुन्हा धरलीस, तेव्हाचे ते दिवसही फुकट गेले नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या घाबरशील. धुरामुळे फुप्फुसाला सूज असते, आणि ती स्कॅनमध्ये घनता वाढवून दाखवते. ओढणं बंद झालं की सूज उतरते, घनता कमी होते आणि फुप्फुस आधीपेक्षा काळं दिसतं. सोडल्यावर उलट बिघडलं, असा अर्थ त्यातून काढायचा नसतो.

विडी पानाची, म्हणून सिगरेटपेक्षा बरी, हे तू अजून म्हणतोस. तुझी आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची, आपण शेजारी अभ्यास करायचो, त्या तंबाखूच्या वासाशी आपलं सगळं लहानपण बांधलंय, हे मला कळतं बे. त्या विड्यांवर तुमचं घर चाललं, त्या कष्टांना माझा नमस्कार आहे. पण विडीत तंबाखू कमी असली तरी ती सारखी ओढावी लागते, नाहीतर विझते, आणि डांबर व कार्बन मोनॉक्साइड सिगरेटपेक्षा जास्तच आत जातं. त्यात तू मागावर कापसाचा धूळधुरळा वेगळा खाल्लायस.

नुसत्या जिद्दीवर सोडायला जाऊ नकोस. डॉक्टरांना निकोटीनच्या गोळ्या-गमबद्दल विचार. १८००-११-२३५६ हा सरकारी टोल फ्री नंबर आहे, तिथे समुपदेशन मिळतं. रात्री तलफ आली तर मला लाव, कितीही वाजू देत.

आणि एक काम कर. कोरोनात तुझा एचआरसीटी झाला होता, त्याची सीडी आणि फिल्म वहिनींनी कपाटात ठेवली असेल. तेव्हा फुप्फुसाला सूज होती आणि फक्त श्वास घेतलेल्या स्थितीतला स्कॅन होता, त्यामुळे अडकलेली हवा त्यात कळणार नाही. पण वरच्या भागात तेव्हा भोकं होती की नव्हती, ते डॉक्टर पाहू शकतील. पुढे कधी स्कॅन करायची वेळ आलीच, तर शेजारी लावायला जुना हवाच. पीएफटीचे मागचे कागद असतील तेही घे. जानेवारीत गड्ड्याला येशील तेव्हा सगळं एका पिशवीत घालून आण, आमच्या डॉक्टरांची वेळ मी आधीच घेऊन ठेवतो. फिल्म गुंडाळू नकोस, चिरा पडतात.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विजय