मारकुटा नवरा ‘सराईत’ का ठरत नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकाच्या आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी होती. नवऱ्याने दांडक्याने मारल्यामुळे बाई अतिदक्षता विभागात, नवरा ताब्यात. शेवटचे वाक्य असे : ‘तिने यापूर्वीही दोनदा तक्रार दिली होती, मात्र पतीला समज देऊन सोडण्यात आले होते.’ तिच्याच खाली दुसरी बातमी, ‘सराईत मोबाईलचोर जेरबंद’. दोन्ही लागोपाठ वाचल्या, म्हणून हे पत्र.

मी तालुक्याच्या फौजदारी न्यायालयात कारकुनी केली. त्यातली शेवटची अकरा वर्षे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे बसून रोजनामा, म्हणजे प्रत्येक प्रकरणात त्या दिवशी काय झाले त्याची नोंद, लिहिला. ‘सराईत’ हा शब्द तिथे रोज कानावर पडे. सायकल चोरणारा सराईत, बाजारात खिसा कापणारा सराईत, गोठ्यातली म्हैस सोडून नेणारा सराईत. बायकोला चौथ्यांदा बडवणाऱ्याला मात्र कुणी सराईत म्हटलेले मी ऐकले नाही. तो ‘जरा तापट’ असे. फार तर ‘दारू प्यायल्यावर तापट’.

हा फरक नुसता बोलण्यातला नाही, कायद्यातही आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे चोरी दुसऱ्यांदा सिद्ध झाली, तर किमान १ वर्ष सक्तमजुरी आहे आणि ती ५ वर्षांपर्यंत जाऊ शकते. उलट, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात न्यायालयाचा संरक्षण आदेश (बाईला मारहाण, त्रास करू नये असा हुकूम) मोडणाऱ्याला कलम ३१ खाली जास्तीत जास्त १ वर्ष कैद किंवा २० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. कमीत कमी किती, ते लिहिलेलेच नाही. दुसऱ्यांदा मोडला तर काय, तेही नाही. म्हणजे मोबाईल दोनदा चोरणाऱ्याची गय नाही आणि न्यायाधीशांची सही असलेला कागद दोनदा पायदळी तुडवणारा दोन्ही वेळा ‘पहिल्यांदाच’ आलेला.

एका बाईचे सांगतो. नाव-गाव सांगत नाही. याच कायद्याखाली तिचा पहिला अर्ज आला तेव्हा धाकटी मुलगी कडेवर होती. निकालापर्यंतचा अंतरिम संरक्षण आदेश झाला आणि दोनेक महिन्यांत तडजोडीची पुरशीस, म्हणजे पक्षकाराने कोर्टाला दिलेले लेखी निवेदन, दाखल झाली. या पुरशीसचा मजकूर मला अजून पाठ आहे, कारण सगळ्यांचा तोच असतो : ‘उभयतांमध्ये मध्यस्थांमार्फत आपसात तडजोड झाली असून अर्जदार नांदावयास जाण्यास तयार आहे. सबब अर्ज पुढे चालवावयाचा नाही.’ मी रोजनाम्यात लिहिले, ‘प्रकरण तडजोडीने निकाली’. अर्ज निकाली म्हणजे अंतरिम आदेशही संपला. ती गेली त्याच घरात, संरक्षणाचा कागद मात्र गेला रेकॉर्ड रूममध्ये.

तीन वर्षांनी दुसरा अर्ज. आधीचे साहेब बदलून गेले होते. या वेळी संरक्षण आदेश पक्का झाला आणि महिन्याभरात त्याने तो मोडला. आधी पोलीस ठाण्यात एन.सी. (अदखलपात्र म्हणून नुसती नोंद) झाली, मग चॅप्टर केस (शांतता राखण्याचा बाँड घेण्याची कारवाई), मग खूप हेलपाटे घातल्यावर कलम ३१ चा खटला. त्याने गुन्हा कबूल केला. वकिलांनी नेहमीचे सांगितले : पहिलाच गुन्हा, घरात एकटा कमावता, म्हातारे आईवडील. शिक्षा झाली न्यायालय उठेपर्यंत कैद आणि दोन हजार रुपये दंड. ही कैद कशी असते हे वाचकांना बहुधा ठाऊक नसेल. आरोपीने कोर्टाच्या मागच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसायचे, एवढीच. मधल्या सुट्टीत शिपायाला सांगून तो वडापाव खाऊन आला. दंडाची पावती मीच फाडली. ती दिवसभर व्हरांड्यात बसून होती. मी विचारले, बाई, तुमचे काम झाले, थांबलात का? तर म्हणाली, दोन हजार माझ्याच भिशीचे गेले, आता गाडीभाड्याला पैसे त्यांच्याकडेच आहेत. गावाला जाणारी एसटी साडेपाचची. दोघे एकाच गाडीने गेले.

तिसऱ्या अर्जावर तिने डाव्या अंगठ्याचा ठसा दिला. सातवीपर्यंत शिकलेली बाई, आधीच्या दोन्ही अर्जांवर सही होती, वळणदार. या वेळी उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

बाई न्यायालयात देते त्या कलम १२ च्या अर्जाच्या छापील नमुन्यात पूर्वीच्या प्रकरणांचा तपशील देण्यासाठी वेगळी जागा आहे. तिच्या तिसऱ्या अर्जात तिथे ‘निरंक’ असे टाईप केलेले होते. वकील नवे होते, टायपिस्टने आधीच्या कुणाच्या तरी अर्जावरून मजकूर उतरवला असावा. समोर बसलेले साहेबही नवे, त्या दिवशी बोर्डावर नव्वदच्या पुढे प्रकरणे. त्यांच्यापुढे जो आला तो पहिल्यांदाच आलेला गैरअर्जदार. त्याची आधीची दोन प्रकरणे त्या दालनात फक्त मला माहीत होती, कारण दोन्हींचे रोजनामे माझ्या अक्षरातले. मी बोललो नाही. कारकुनाने विचारल्याशिवाय बोलू नये, असे आम्हाला शिकवलेले असते. ही सबब आहे, हे मलाही कळते.

पहिल्या वेळी न्यायाधीशांनी सबुरी दाखवावी, याला माझा विरोध नाही. ऊठसूट अटक नको, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेशकुमार प्रकरणात सांगितले आणि ते बरोबरच आहे. घरातली सगळी माणसे एका फिर्यादीत गोवलेलीही मी पाहिली आहेत. शिवाय दहातल्या पाच-सहा बायका स्वतःच म्हणत, साहेब, त्यांना आत टाकू नका, फक्त मारू नका एवढे सांगा. माहेरी भावाचा संसार, भाड्याची खोली परवडत नाही, मुलांची शाळा. तडजोड करणारी बाई खोटी असते, असे समजणाऱ्याने एकदा तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात बसून पाहावे.

माझे म्हणणे तडजोडीनंतरचे आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे संरक्षण आदेश बाईने स्वतः रद्द करायला अर्ज देईपर्यंत चालू राहतो. मग ती नांदायला जाताना तो मोडीत का काढायचा? खरी गरज तर तेव्हाच असते. ‘अर्ज चालवावयाचा नाही’ या एका ओळीवर प्रकरण बंद करण्याऐवजी तडजोडीच्या अटी आदेशात घ्याव्यात आणि मारहाण न करण्याचा आदेश कायम ठेवून अर्ज निकाली काढावा. पुन्हा हात उचलला तर बाईला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही, थेट कलम ३१ लागते. तो गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना गुन्हा नोंदवावाच लागतो, आणि अजामीनपात्र आहे. एन.सी. लिहून घेऊन तिला परत पाठवायचा प्रश्नच येत नाही. जामीन द्यायचा झाला तरी बाईला फोन करू नये, घराकडे फिरकू नये, दारू पिऊ नये, अशा अटी घालता येतात; या कायद्याच्या २००६ च्या नियमांतच तसे आहे. माझ्या अकरा वर्षांत दारूची अट घातलेली मला एकदाच आठवते.

आणि दुसरे, जुनी प्रकरणे. आता ई-कोर्ट या न्यायालयांच्या संगणकीय नोंदींमध्ये पक्षकाराच्या नावावरून शोध घेता येतो, प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरी सीएनआर, म्हणजे स्वतःचा वेगळा, क्रमांक आहे. नवा अर्ज नोंदवताना गैरअर्जदाराचे नाव टाकून पाहायला पाच मिनिटे लागतात. नावाची स्पेलिंगे तीन प्रकारची असतात हे खरे, म्हणून दहा मिनिटे धरा. आधीचे काही निघाले तर ते प्रकरण मागवून सोबत जोडावे, असा आदेश वरून निघाला पाहिजे. कारकुनाच्या मर्जीवर ते राहू नये. आणि एवढे समोर असूनही न्यायालय उठेपर्यंतच कैद द्यायची असेल, तर ती का, हे निकालपत्रात दोन ओळींत लिहावे. मोबाईलचोराची मागची शिक्षा सरकारी वकील कागदासह दाखवतात. तेवढेच इथे हवे.

कायद्यात अर्ज पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे म्हटले आहे. तिचा तिसरा अर्ज मी निवृत्त झालो तेव्हा दुसऱ्या वर्षात होता, पुराव्यासाठी नेमलेला. माझ्या जागी आलेल्या मुलाला चार्ज देताना प्रलंबित प्रकरणांच्या यादीत मी तिच्या क्रमांकासमोर जुने दोन्ही क्रमांक पेन्सिलीने लिहून ठेवले. त्याने विचारले, काका, हे तिन्ही एकाच बाईचे का?

म्हटले, एकाच नवऱ्याचे.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, जि. सातारा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)