जादूगाराची बोटे आणि पोकरचे टेबल

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत पोकर या पैसे लावून खेळायच्या पत्त्यांच्या खेळातील अँटोनिओ एस्फंडियारी या खेळाडूविषयी आलेला लेख वाचला. हा मूळचा जादूगार ‘हातचलाखीच्या बळावर’ कोट्यधीश झाला, असे त्यात म्हटले आहे. मी आयुष्यभर गणित शिकवले आणि शाळेच्या स्नेहसंमेलनांत पत्त्यांचे प्रयोगही केले, म्हणून या दोन शब्दांबद्दल लिहिणे मला भाग आहे.

एस्फंडियारीचा जन्म १९७८ सालचा, तेहरानचा. लहानपणीच तो कुटुंबासह कॅलिफोर्नियात आला आणि जादूचा व्यवसाय धरताना अमीर हे नाव बदलून त्याने अँटोनिओ हे नाव घेतले. २००४ साली लॉस एंजेलिसच्या स्पर्धेत त्याने सुमारे १४ लाख डॉलर जिंकले, आणि ‘मॅजिशियन’ हे टोपणनाव त्याला चिकटले आहे. गैरसमजाचे मूळ बहुधा या नावातच असावे.

चतुर्थीला आमच्या घरी आरत्या आटोपल्या की सोप्यावर रमीचा डाव बसतो. तिथे मला खेळायला घेतात, पण पत्ते पिसायला मात्र कोणी देत नाही. घरच्यांचा हा संशय अगदी रास्त आहे, कारण तळहातात एक्का दडवण्याचा सराव मी आरशासमोर दोन वर्षे केला होता. मात्र व्यावसायिक पोकरमध्ये पत्ते पिसणारा आणि वाटणारा माणूस आयोजकांचा असतो. खेळाडूचा हात फक्त स्वतःच्या दोन पानांना आणि चिप्सना (पैशांऐवजी लावायच्या चकत्यांना) लागतो, त्याही टेबलावरच ठेवायच्या असतात, आणि वर कॅमेरे रोखलेले असतात. दडवलेल्या एक्क्याला तिथे जागाच नाही.

मग जादू उपयोगी कुठे पडली? प्रयोग करताना माझे लक्ष पत्त्यांपेक्षा समोरच्याच्या डोळ्यांवर असते: त्याला शंका आली का, त्याने नको त्या हाताकडे पाहिले का, हे टिपत आपला चेहरा मात्र निवांत ठेवावा लागतो. पोकरमध्ये नेमके हेच लागते, आणि त्याच्या जोडीला लागतो भरपूर संयम. पहिली दोन्ही पाने एक्क्यांची येण्याचा योग सरासरी २२१ डावांत एकदा असतो; टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात असे धरले, तर एका जोडीसाठी सुमारे आठ तास बसावे लागते. मधल्या वेळात बरीचशी पाने मुकाट्याने टाकून द्यायची असतात, आणि हौशी माणसाला तेच जमत नाही. (रमीत मलाही जमत नाही, हे कबूल करतो.) नशिबाचा वाटा एका डावात मोठाच असतो, हजारो डावांत तो बराच निवळतो.

लेखातील आकड्यांबद्दलही थोडे. २०१२ साली लास व्हेगासला त्याने १,८३,४६,६७३ डॉलर जिंकले हे खरे. परंतु त्या स्पर्धेची प्रवेश फी १० लाख डॉलर होती, खेळाडू ४८ होते, आणि प्रत्येकाच्या फीमधील १,११,१११ डॉलर ‘वन ड्रॉप’ या पाण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेला गेले, हे लेखात कुठेच नाही. एवढी फी खेळाडू पुष्कळदा एकटा भरत नाही. तो आपल्या सहभागाचे हिस्से इतरांना विकतो आणि बक्षीसही त्याच प्रमाणात वाटले जाते. त्यामुळे बक्षिसाची रक्कम म्हणजे खेळाडूची कमाई, असे सरसकट लिहिता येत नाही.

शेवटी, ‘गोव्यातील तरुणांनी यातून प्रेरणा घ्यावी’ या वाक्याविषयी. मांडवी नदीतल्या कॅसिनोंच्या जुगार विभागात गोमंतकीयांना २०२० पासून प्रवेश नाही, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे. प्रेरणा घेतलेल्या मुलाने खेळायचे कुठे, हेही लेखकाने सांगायला हवे होते.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, म्हापसा