उद्यमबागेतल्या मेस्त्रीमामांना, एअरफ्लो मीटरबद्दल

आदरणीय मेस्त्रीमामा,

सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "असू दे, असू दे" म्हणत विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात टर्बो गाडीची (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा असलेल्या गाडीची) ताकद वाढवून घेणारी बरीच पोरं आहेत. तुम्ही मला जे समजावलंत ते त्यांच्याही कानावर जावं असं फार वाटतं.

पावसाळ्यात तुमच्याकडे आलो तेव्हा माझं मन ठरलेलं होतं. १.८ लिटर टर्बो पेट्रोल, कंपनीचे १५० हॉर्सपॉवर. मोठा टर्बो आणि पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर बसवले होते, ती २६० पर्यंत न्यायची होती. पण गिअर बदलताना काळा धूर यायचा, सिग्नलला गाडी बंद पडायची आणि ५००० आरपीएमच्या वर ओढच राहायची नाही. बाहेरगावच्या एका ट्यूनरने सांगितलं होतं की एअरफ्लो मीटर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर, काढूनच टाका, मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) दाबावर चालवू. मी पैशांची जुळवाजुळवही केली होती.

तुम्ही बॉनेट उघडण्याआधी एवढंच विचारलंत, "रोज फिरवायची गाडी हाय न्हवं तुझी?"

रोजचीच. सकाळी टिळकवाडीच्या रेल्वे गेटला अडकते आणि रविवारी जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला उतरून गोव्याला जाते. "मग मीटर ऱ्हाऊ दे," म्हणालात, आणि कारण सांगायला चहा संपेपर्यंत वेळ दिलात. मीटरमधली तार तापलेली असते, हवा तिला गार करते, आणि तिला तेवढीच गरम ठेवायला किती करंट लागतो त्यावरून ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, हवेचं वजन कळतं आणि तो त्या मापाने पेट्रोल सोडतो. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर, इथली हवा गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा अंदाजे ७ टक्के विरळ. मीटर थेट वजनच मोजतो, त्यामुळे घाट चढा की उतरा, हिशोब चुकत नाही. दाबावर चालणारी पद्धत वाईट नाही, हेही तुम्ही आवर्जून सांगितलंत. पण तिथे इंजिन किती हवा ओढतं त्याचा तक्ता आधी भरून ठेवावा लागतो, आणि कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) किंवा एक्झॉस्ट बदलला की तो नव्याने बसवावा लागतो.

मग गळती शोधायला तुम्ही नळाच्या पीव्हीसी टोपीला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेलं ते जुगाड काढलंत, टर्बोच्या तोंडाला लावलंत आणि कॉम्प्रेसरची हवा सोडलीत. साबणाचं पाणी मारत मारत खाली गेलात. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीच्या) खालच्या होजवर, क्लॅम्पच्या कडेला, वाटाण्याएवढा फुगा आला, फुटला आणि पुन्हा आला. माझे चार महिने त्या फुग्यात होते. मोजलेली हवा तिथून बाहेर जात होती आणि ईसीयू मात्र तिच्याही वाटचं पेट्रोल ओतत होता. तीच गोष्ट मी हौसेने बसवलेल्या, टर्बोचा जादा दाब बाहेर फुस्स करून सोडणाऱ्या ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची. थ्रॉटल सोडला की मोजून झालेली हवा बाहेर, म्हणून धूर, म्हणून बंद पडणं. तुम्ही हवा परत टर्बोच्या आधी नेणारा मूळचा व्हॉल्व्ह बसवलात आणि दोन्ही तक्रारी त्याच संध्याकाळी संपल्या.

वरच्या आरपीएमची ओढ मात्र खरंच मीटरमुळे जात होती. लॅपटॉपवरच्या लॉगमध्ये व्होल्टेज ५ ला जाऊन सरळ रेषेत थांबलं होतं. हवा वाढत होती, पण मीटरला त्यापुढचं दिसत नव्हतं. मिश्रण पातळ होऊन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, नॉकिंग (सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट) झालं असतं तर पिस्टन गेला असता. तेव्हा कुठे तुम्ही मोठ्या हाउसिंगचं, म्हणजे मीटर ज्या नळीत बसतो तिचं, नाव काढलंत. माझा हट्ट ८० मिलिमीटरचा होता. तुम्ही कागदावर मांडलंत: सेन्सर तोच, आतला व्यास ६० चा ७० केला तर क्षेत्रफळ ३६ टक्के वाढतं, तेवढं पुरे. २६० हॉर्सपॉवरला सेकंदाला साधारण २०० ग्रॅम हवा लागेल, पण आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, जेमतेम ३ ग्रॅम. भोक फार मोठं केलं तर ती ३ ग्रॅमची झुळूक तारेला नीट कळणार नाही आणि गेटपाशी गाडी पुन्हा थरथरेल.

ॲल्युमिनियमचा गोल बार लेथवर तुम्ही स्वतः लावलात. शेवटचा कट घेताना मशीन थांबवून बोट आतून फिरवलंत, "हितं जरा रेघ लागतीया" म्हणालात आणि पुन्हा एक हलका कट घेतलात. हवा सरळ यावी म्हणून जाळी बसवलीत, फिल्टरनंतरचा बाक काढून सरळ पाइप दिलात, आणि तारेवर तेल बसू नये म्हणून माझा तेल लावायचा फिल्टर बदलायला लावलात. नव्या व्यासाप्रमाणे ईसीयूमधला मीटरचा तक्ता बदलून घेतला, तेव्हा ट्यूनिंगवाल्या पोराशेजारी तुम्ही रात्री ११ पर्यंत बसलात.

आता बूस्टमध्ये, म्हणजे टर्बोचा दाब चढल्यावर, वाइडबँड (धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा सेन्सर) ११.६ दाखवतो. परवा चोर्ला चढून आलो, गेटला दहा मिनिटं उभा राहिलो, आरपीएमचा काटा हलला नाही.

तुम्ही फक्त बारचे आणि मजुरीचे पैसे घेतलेत, माझ्या मनात मात्र त्या संध्याकाळचं ऋण तसंच आहे. मीटर काढून टाकला असता तर पैसे गेले असतेच, पण होजची ती गळती तशीच राहिली असती.

काढून ठेवलेलं जुनं ६० चं हाउसिंग मी पुसून शेल्फवर ठेवलंय. शनिवारी येतोय, मामींसाठी कुंदा घेऊन. गाडीची चावी तुमच्या हातात देणार आहे, जांबोटीपर्यंत तुम्हीच चालवायची.

तुमचा,
वडगावचा पोरगा